तुम्ही विचारलंत म्हणून: किल्ला आणि छावणी

गडावर मुलांना घेऊन गेलं की कुणीतरी हमखास विचारतं, "किल्ल्यात सैन्य, छावणीतही सैन्य. मग फरक काय?" एकाला तट, दुसरीला तंबू, एवढं सांगून सुटता येतं. मी मात्र त्यांना आधी पाण्याच्या टाक्यापाशी नेतो.

खडकात टाकं खोदायचं, निघालेला दगड तटाला लावायचा, धान्य अंबारखान्यात भरायचं. गड आपली शिदोरी पोटात घेऊन बसतो, म्हणून थोडकी शिबंदीही महिनोन्महिने तग धरते. छावणीचं तसं नाही. हजारो घोडी एका जागी बांधली की दाणा-वैरण आसपासच्या गावांतूनच यायची.

शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र याच काळजीचं आहे. पावसाळ्यासाठी साठवलेली वैरण आताच संपवलीत तर पुढे घोडी मरतील, मग तुमचे लोक कुणब्यांच्या घरात शिरतील आणि रयतेला तुम्ही मोगलांपेक्षा वाईट वाटाल, असं महाराज बजावतात. गवताजवळ चूल नको, चिलीम नको. रात्री दिवा तसाच ठेवलात तर उंदीर पेटती वात ओढून नेईल! मला तर छावणी कशी असते हे त्या उंदरामुळेच कळलं.

आणि मोठी छावणी म्हणजे केवढी? 1695 साली जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी औरंगजेबाच्या गलगल्याच्या तळावर गेला होता. तीस मैलांचा घेर आणि पाच लाख माणसं, असं तो लिहितो. आकडे ऐकीव असतील, पण ते चालतं-फिरतं शहरच होतं. ते हलवायचं म्हणजे हत्ती, उंट, बाजार, जनानखाना, सगळंच. एप्रिल 1700 मध्ये साताऱ्याचा किल्ला बादशहाला मिळाला खरा. पण त्याच वर्षी पावसाळा सरता सरता खवासपूरला माण नदीचा पूर रात्री तळात घुसला. तंबू, जनावरं, माणसं वाहून गेली. पळापळीत खुद्द बादशहा पडला, गुडघा कायमचा दुखावला. गडावर पाऊस पडला की टाकी भरतात.

यावर पुण्याची मुलं विचारतात, "मग आपला कॅम्प?" तोही लष्कराचाच तळ, फक्त कायमचा बांधलेला: बंगले, परेडचं मैदान, बाजार. इंग्रजांना त्याभोवती तट घालावासा वाटला नाही. घालतील कशाला? 1818 मध्ये त्यांनी कितीतरी गडांच्या पायऱ्या आणि दरवाजे सुरुंग लावून उडवले होते.