पावसाळ्यात टिकेल अशी स्टार्च फिल्म

गोव्याच्या पावसाळी दमट हवेत साधी स्टार्च फिल्म, म्हणजे स्टार्चपासून बनवलेला प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा, लिबलिबीत होते. माँटमोरिलोनाइट माती मिसळली तर फरक पडतो: तिचे पापुद्रे जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीचे, त्यांना वळसा घालत वाफेला लांबचा रस्ता कापावा लागतो.

5 ग्रॅम टॅपिओका स्टार्चला 0.15 ते 0.25 ग्रॅम सोडियम प्रकारची माती पुरे. ती आधी 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात रात्रभर ढवळत ठेवा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणी नकोच. क्षारांमुळे पापुद्रे एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात, आणि मग सगळी मेहनत वाया. आणखी 50 मिली डिस्टिल्ड पाण्यात स्टार्च आणि 1.5 ग्रॅम ग्लिसरॉल घालून मातीचं पाणी मिसळा, 85 ते 90 अंशांवर घट्ट, पारदर्शक होईपर्यंत ढवळा. बुडबुडे काढून सपाट ट्रेमध्ये ओता, 40 अंशांवर वाळवा. घाईने तापवलं तर फिल्म तडकते.

ग्लिसरॉल वाढवलं की फिल्म लवचीक होते, पण ओलही जास्त ओढते. माती वाढवली तर गुठळ्यांभोवती फटी राहतात.

चाचणी बंद डब्यात मिठाच्या संपृक्त (आणखी मीठ विरघळणार नाही अशा) द्रावणावर फिल्म ठेवून, 75 टक्के आर्द्रतेत करता येते. आपल्या जुलैसाठी मात्र पोटॅशियम नायट्रेटचं द्रावण वापरा. तिथे 25 अंशांना आर्द्रता 93 टक्क्यांच्या आसपास राहते. पाण्यात बुडवली तर ही फिल्मही फुगणारच.