कागद एकाच्या नावावर, घाम दुसऱ्याचा
आज अख्खा दिवस काकांच्या अनुदानाच्या फॉर्ममध्ये गेला, जमिनीच्या कागदावर अजून आजोबांचंच नाव आणि बँक खातं काकांचं, त्यामुळे अर्ज पुढे सरकेचना, ओटीपी यायचा तोवर पेज बंद. आमच्या मागे रांगेत एक ताई होत्या, दुसऱ्याचं शेत खंडाने कसतात, पेरणीपासून काढणीपर्यंत सगळं त्याच बघतात, पण अनुदान जमिनीच्या आकारावर मिळतं आणि कागद मालकाकडे, म्हणून पैसे त्याच्या खात्यात. फार लागलं मनाला.

घरी येऊन वाचत बसलो. 2021 च्या संयुक्त राष्ट्रांच्या रिपोर्टमध्ये आहे की जगभरात शेतीला वर्षाला सुमारे 540 अब्ज डॉलरचा सरकारी आधार मिळतो आणि त्यातला 87 टक्के बाजारभाव बिघडवणारा नाहीतर निसर्गाला, तब्येतीला त्रास देणारा. मासेमारीतही तेच, डिझेलवर सूट दिली की ज्याचं इंजिन मोठं त्यालाच जास्त फायदा, तो लांबवर जाऊन मासे उपसतो, मग छोट्या होडीवाल्याच्या जाळ्यात काय येणार? बेकायदा मासेमारीला अनुदान देऊ नका असा जागतिक व्यापार संघटनेचा करार 2022 ला झाला पण लागू व्हायला 15 सप्टेंबर 2025 उजाडलं. उशिरा झालं, पण झालं हे खूप बरं झालं.

ताईंचा नंबर घेतलाय. कसणाऱ्याच्या नावाने अर्ज करता येतो का ते विचारायला उद्या त्यांच्यासोबत जातोय, कोणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.