त्रयोदशी बघून मालवण

देवबागचे डॉल्फिन, कर्लीच्या खाडीतलं कांदळवन आणि ओहोटीला उघड्या पडणाऱ्या कातळावरचे जीव, हे तिन्ही कोल्हापूरहून एका दिवसात बघून होतात. फक्त दिवस तिथी बघून ठरवावा लागतो. रविवार मोकळा सापडला म्हणून निघालं की तिन्हीतलं एक तरी हातचं जातंच, असा माझा अनुभव आहे.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. त्रयोदशीला तेराची पाऊणपट, म्हणजे पावणेदहा. तिथून सव्वासहा तासांनी, चारच्या सुमारास, पुरती ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण बेत आखायला एवढं पुरतं. पक्ष कुठलाही असो, त्रयोदशी किंवा चतुर्दशी घ्यावी. उधाण जवळ आल्यामुळे पाणी लांबवर मागे जातं. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटीचा चढउतार सगळ्यात कमी. भरती सहाला, ओहोटी बाराला, आणि पाणी हटतं ते नावापुरतं. महिने डिसेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात प्रवासी होड्या बंदच असतात.

रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली. दीडशे किलोमीटरच्या आसपास. रात्री अडीचला निघालं तर सातच्या आत देवबाग गाठता येतं. दाजीपूरच्या पट्ट्यात वेग चाळीसच्या वर नको. गव्याचं काळं अंग अंधारात दिसतच नाही, गुडघ्याखालचे पांढरे पाय आधी दिसतात. एक गवा रस्ता ओलांडून गेला तरी थांबून राहायचं, कारण मागे कळप असतो. हॉर्न वाजवायचा नाही. गाडीला ड्रायव्हर दोन हवेत, परतीचा घाटही अंधारातच लागतो. आदल्या रात्री तांबडा-पांढरा टाळलेला बरा. होडी लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून उलटीची गोळी तासभर आधी घ्यावी. त्या गोळीनं झोप येते, म्हणून ड्रायव्हरनं ती घ्यायची नाही.

सातचा हट्ट वाऱ्यामुळे. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहते, तेव्हा पाणी तेल ओतल्यासारखं सपाट असतं आणि डॉल्फिनच्या पाठीचा एवढासा पर लांबून दिसतो. दहानंतर खारं वारं सुटतं, लाटांच्या टोकांवर फेस येतो आणि फेस कुठला, डॉल्फिन कुठला हे कळेनासं होतं. शिवाय कर्लीचं तोंड भरतीत ओलांडलेलं चांगलं. ओहोटीचं पाणी बाहेर ओढत असताना समोरून वारा आला की त्या तोंडावर लाटा उभ्या राहतात आणि लहान फायबर होडी आपटत जाते.

होडीवाल्याशी आदल्या संध्याकाळीच फोनवर बोलून घ्यावं. माणसं किती बसवणार, जॅकेट प्रत्येकाला आहे का, आणि डॉल्फिन दिसल्यावर इंजिन बंद करणार का? तिसऱ्या प्रश्नावर समोरचा हसला तर दुसरा बघावा. बक्षिसीच्या आशेनं पाठलाग करणारे बरेच आहेत, आणि पाठलाग झाला की जनावर खोल जातं ते दूरवर निघतं. निदान पन्नास मीटर लांब, त्याच्या वाटेला समांतर राहून थांबलं तर तेच कधी कधी जवळ येतं.

इथे काठाजवळ दिसतो तो मदारीचा, म्हणजे पाठीवर उंचवटा असलेला (हंपबॅक) डॉल्फिन. कोळी त्याला गादा म्हणतात. उड्या फारशा मारत नाही. आधी चोच वर येते, मग पाठीचा उंचवटा आणि त्यावरचा छोटा पर. शेपूट पाण्याबाहेर आली तर तो खोल गेला समजावं, चार-पाच मिनिटं वाट बघायची. शोधताना पाणी न बघता पक्षी बघावेत. सुरय एकाच जागी सूर मारत असतील तर खाली मासळीचा थवा आहे. दुर्बीण ८×४२ची, दहापटीची होडीत हलून हलून डोकं दुखवते.

न्याहारी करून साडेअकराला खाडीत शिरावं. तोवर पाणी उतरायला लागलेलं असतं आणि काठाचा चिखल वर येतो. भर भरतीत गेलात तर नुसती हिरवी झाडं बघून परत याल. चिखलावर निवटे नावाचे मासे कल्ल्यांजवळच्या परांवर सरपटतात, एक मोठा नांगा मिरवणारे नर खेकडे तो नांगा सारखा हलवत असतात. चिपीची श्वासमुळं पेन्सिली रोवल्यासारखी वर आलेली असतात. तिवराचं पान उन्हाकडे धरलं की त्यावर मिठाचे कण चमकतात; जीभ लावून बघायला हरकत नाही. पण दीडच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर होडी गाळात बसते.

साडेतीनला मालवणचं रॉक गार्डन. लोक सूर्यास्ताला येतात, बघण्यासारखं त्याच्या बरंच आधी, पुरत्या ओहोटीच्या वेळी असतं. १९८७ साली जाहीर झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य याच किनाऱ्यावर आहे. पायात पट्ट्याच्या, मऊ रबरी तळाच्या चपला हव्यात. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात, आणि हिरव्या शेवाळावर तर पाय द्यायचाच नाही. एका डबक्याशी दहा मिनिटं उकिडवं बसावं, सावली पाण्यावर पडू न देता. आधी काहीच दिसत नाही. मग एक शंख चालू लागतो, त्यात खेकडा असतो. समुद्रफूल मिटलेलं हळूहळू उघडतं. प्रवाळाला हात लावू नये. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. शंकूसारखा नक्षीदार शंख उचलायचा नाही, आतली गोगलगाय विषारी काटा मारते. दगड उलटला तर होता तसाच परत ठेवावा, त्याच्या खालच्या बाजूला अंडी असतात.

साडेचारनंतर पाणी फिरतं आणि मागून, घळीतून आधी चढतं. म्हणून टोकाच्या कातळाकडे पाठ करून किनाऱ्याच्या दिशेनं बघत मागे यावं. सहाला गाडी सुटली तर साडेदहापर्यंत कोल्हापूर. पाय धुवायला गोड्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन डिकीत ठेवा, नाहीतर फोंडा घाटापर्यंत सगळ्यांची बोटं खाजत राहतात.