जिप्सीच्या पेट्रोल आणि ऑइल लाइनची फिटिंग निवडताना : माझा अनुभव

कार्बोरेटरवाल्या मारुती जिप्सी किंगमध्ये १६ वाल्वचं एमपीएफआय म्हणजे पेट्रोल इंजेक्शनवालं इंजिन बसवायचं ठरलं तेव्हा जो तो इंजिन, वायरिंग आणि ईसीएमबद्दलच (इंजिनचा कॉम्प्युटर) बोलत होता (आरटीओच्या कागदांचं पुराण वेगळं, ते इथे नको). लाइनबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही आणि माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो तिथेच.

कार्बोरेटरला पेट्रोल तीन-चार पीएसआय (दाबाचं माप) प्रेशरने गेलं तरी चालतं, इंजेक्शनला चाळीसच्या आसपास लागतं, म्हणजे जुना रबरी पाइप आणि त्यावरचा स्क्रूवाला पट्टी क्लॅम्प दोन्ही बाद. त्यात आता पंपावर ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, जुन्या पद्धतीचं रबर त्याने फुगतं, मग कडक होऊन तडकतं. नाना पेठेत 'पेट्रोल पाइप द्या' म्हटलं की मीटरवर कापून देतात, पण त्यावर काय छापलंय ते आधी वाचायचं. ३०आर७ असेल तर तो कार्बोरेटरच्या प्रेशरचा, ३०आर९ असेल तर इंजेक्शनचा आणि काहीच छापलेलं नसेल तर नमस्कार करून बाहेर यायचं.

मग आलं एएन फिटिंग, म्हणजे होजच्या टोकाला लावायचे नंबरवारी आट्यांचे जोड. ऑनलाइन निळी-लाल अॅल्युमिनियमची फिटिंग बघून कोणाचाही जीव जाईल तिच्यावर, किंमत बघून परत येईल. नंबरांनी सुरुवातीला डोकं फिरतं, पण आपल्या सुताच्या हिशोबात ते एकदम सोपं आहे. एएनचा नंबर म्हणजे इंचाचे तितके सोळावे भाग, सूत म्हणजे इंचाचा आठवा, त्यामुळे नंबर निम्मा केला की सूत. ६ नंबर म्हणजे तीन सूत, ८ म्हणजे चार, १० म्हणजे पाच. पेट्रोलला मी ६ घेतला, या इंजिनला तो भरपूर होतो, ऑइल कूलरला १०.

भोसरीत हायड्रॉलिकच्या दुकानात गेलो तर तिथे हेच ३७ अंशाच्या कोनावर सील होणारं फिटिंग जेआयसी नावाने स्टीलमध्ये पडलेलं, किंमत कितीतरी कमी. ६ नंबरचे आटे दोन्हीकडे तेच, ९/१६ इंच आणि इंचाला १८, आट्यांची फिनिशिंग एएनमध्ये जास्त काटेकोर असते एवढाच फरक. वजन थोडं जास्त, रंग नाही, पण चेसिसखाली दगड लागणार तिथे मला स्टीलच हवं होतं. एक लक्षात ठेवा, गाड्यांच्या साध्या पाइपाची फ्लेअर (पाइपाचं पसरवलेलं तोंड) ४५ अंशाची असते, ती याच्यावर नीट बसत नाही, घट्ट केली तरी गळतेच.

होज मात्र तिथला साधा हायड्रॉलिकचा घेतला नाही. आर१, आर२ (हायड्रॉलिक होजचे प्रकार) होज १०० डिग्रीपर्यंतचा, आणि दाबून चालवलं की इंजिन ऑइल त्याच्या वर सहज जातं. पेट्रोलला तर तो विचारच नको. त्याच दुकानात आर१४ म्हणजे आत टेफ्लॉन, वर स्टीलची जाळी असा होज मिळाला, पेट्रोलला कार्बनची काळी लायनिंगवाला घ्यायचा कारण वाहत्या पेट्रोलने स्टॅटिक चार्ज साठतो. टेफ्लॉन होजची टोकं वेगळी येतात, रबरी होजवाली लावू नका. आणि ती जाळी ज्याला घासेल त्याला कानसेसारखी खाते, म्हणून दर थोड्या अंतरावर होज चेसिसला धरून ठेवणारे रबरवाले पी-क्लॅम्प.

खरी गंमत आट्यांमध्ये. ब्लॉकवरचं ऑइल प्रेशर स्विचचं भोक १/८ बीएसपीटी (ब्रिटिश निमुळते पाइप-आटे), इंचाला २८ आटे, आट्याचा कोन ५५ अंश. ऑइल प्रेशर गेजसोबत आलेला सेंडर (प्रेशर मोजणारा सेन्सर) १/८ एनपीटी (अमेरिकन निमुळते पाइप-आटे), २७ आटे, ६० अंश. एका दुकानदाराने 'टेप मारा, बसतंय' म्हणून सल्ला दिला. बसतं, दोन-तीन फेरे, मग अडकतं, आणि जोर लावला तर ब्लॉकचे आटे जातात. थ्रेड गेज स्वस्त मिळतो, तो खिशात ठेवा. कूलरच्या सँडविच प्लेटची (ऑइल फिल्टरखाली बसून ऑइल कूलरकडे वळवणारी) भोकं अर्धा इंच बीएसपी निघाली, आणि अर्ध्या इंचात एनपीटीलाही १४च आटे, त्यामुळे छान बसल्याचा भास होतो आणि गरम झालं की झिरपतं. तिथे बीएसपी ते १० नंबर अॅडॅप्टर आणि डाउटी वॉशर (रबराची कड असलेला धातूचा वॉशर), काम संपलं.

सेंडर जड असतो, ब्लॉकवर पितळी टी लावून लटकवला तर व्हायब्रेशनने टी तुटतो, म्हणून तो छोट्या होजने फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) नेला. टेफ्लॉन टेप फ्लेअरवाल्या जोडावर अजिबात नाही, तिथे सील कोनावर होतं आट्यांवर नाही, उलट टेपचा तुकडा सुटला तर इंजेक्टरमध्ये जाऊन बसतो.

जोडताना आट्यांना ऑइलचा थेंब, हाताने बसेपर्यंत, मग पान्याने थोडंसंच. इंजिन चालू न करता नुसती चावी फिरवून पंपाने लाइनमध्ये प्रेशर भरलं (प्राइम केलं) आणि प्रत्येक जोडाला कोरडा टिश्यू लावून बघितला, शेजारी अग्निशामक सिलिंडर ठेवून. पेट्रोलचे जोड कोरडे निघाले. ऑइलचे जोड इंजिन पूर्ण गरम करून आणि थंड झाल्यावर परत तपासले, कूलरकडचा एक जरासा ओला होता, अजून थोडा आवळला.