तुम्ही विचारलंत म्हणून: दिवस गेलेत, मासे खाऊ का?

बेळगाव, खानापूर, निपाणीकडून हा प्रश्न सारखा येतो. घरातल्या मोठ्यांनी "मासे उष्ण पडतात, नको" म्हटलेलं असतं. आमचं उत्तर, खा. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी काटे सोडून शंभर-सव्वाशे ग्रॅम. बाळाच्या मेंदूला आणि डोळ्यांना लागणारं डीएचए, म्हणजे माशाच्या तेलातली एक चांगली चरबी, तारली-बांगड्यात चांगलं मिळतं.

फक्त मासा कोणता, हे बघा. मोठा मासा लहान माशांना खाऊन वाढतो, त्यांच्यातला पारा त्याच्या मांसात साठत जातो. हा पारा धुऊन, तळून किंवा उकळून जात नाही. अंगात गेला की निम्मा व्हायलाही दीड-दोन महिने लागतात. म्हणून मोरी, म्हणजे शार्क मासा, पूर्ण बंद. मोठी सुरमई, म्हणजे गोव्याकडची विसवण, हीसुद्धा या महिन्यांत नकोच. तिच्याच वंशातला किंग मॅकरेल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर बायकांना वर्ज्य सांगितलाय. तारली, बांगडा, मांदेली, कोळंबी बिनधास्त घ्या. समुद्राचा मासा नसेल त्या दिवशी रोहू चालेल.

आपल्याकडचा खरा घोळ बर्फाचा आहे. मासा गोवा-कारवारहून घाट चढून येतो. वाटेत किंवा पाटीवर बांगडा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं. खाल्ल्यावर तोंड चुरचुरतं, अंग लाल होतं, डोकं दुखतं. हे विषही शिजवून जात नाही, फ्रीजरमध्येही नाही. तेव्हा बर्फात पुरलेलाच मासा घ्या. कल्ले लाल हवेत, डोळे फुगीर आणि स्वच्छ, बोटाने दाबलेला खड्डा लगेच भरायला हवा. घरी नेतानाही डब्यात बर्फ ठेवा.

जंतू मात्र शिजवून मरतात, अट एवढीच की आतपर्यंत शिजायला हवं. काट्याजवळचं मांस पांढरं होऊन पाकळ्यांसारखं सुटलं की झालं. रव्यातला बांगडा मोठ्या आचेवर बाहेरून लाल होतो, आत कच्चा राहतो. चिरा पाडून मध्यम आचेवर तळा. कोकम-चिंचेने मासा शिजत नाही. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, उकळल्यावर ज्या उघडत नाहीत, त्या टाकून द्या. उरलेलं कालवण दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात तासाभरातच. दुसऱ्या दिवशी खळखळून उकळूनच वाढा.

सुकट, सुके बोंबील यांत मीठ जास्त असू शकतं. रक्तदाब वाढलेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नका.