काठ एका वेगासाठी, कण दहा वेगांचे

मरीन ड्राइव्हला लाट थेट भिंतीवर आपटली तर माघारी फिरते. टेट्रापॉडांत शिरली तर तिथेच जिरते. क्वांटम कण अडथळ्यावर आदळून विखुरतो, त्या स्कॅटरिंगच्या सिम्युलेशनमध्ये ग्रिडच्या (गणनेसाठी घेतलेल्या बिंदूंच्या पट्ट्याच्या) काठांवर आपणही टेट्रापॉडच टाकतो: आत जाल तसं अंतराच्या वर्गाने वाढणारं काल्पनिक, ऋण पोटेन्शियल. बंद सिस्टिममध्ये ते नीट चालतं. परिसराशी जोडलेल्या सिस्टिममध्ये मात्र गुपचूप दगा देतं.

आकडे घेऊ (प्लांकचा स्थिरांक ħ आणि वस्तुमान १ धरून). ग्रिड −२०० ते २००, बिंदू २०४८, अडथळा मध्यावर. वेव्ह पॅकेट (कण दाखवणारी आटोपशीर लाट) −१०० वरून निघतं, संवेग २, रुंदी १०. म्हणजे संवेगातला पसारा फक्त ०.०५. शोषक पट्टा ३० रुंद, ईटा (त्या काल्पनिक पोटेन्शियलची तीव्रता) ०.००१. एका फेरीत उरतं ते e चा −(२ × ईटा × रुंदीचा घन ÷ (३ × वेग)) इतका घात, इथे e⁻⁹, साधारण दहा हजारांत एक. छान.

आता लिंडब्लाडची टर्म (परिसराचा परिणाम समीकरणात आणणारी) घाला, स्थानाशी जोडलेली, तिची तीव्रता गॅमा ०.०१. (नाव एकट्या लिंडब्लाडचं पडलं, पण १९७६ मध्येच गोरिनी, कोसाकोव्स्की आणि सुदर्शन यांनीही हे मांडलं होतं, त्यातले सुदर्शन आधी आपल्या टीआयएफआरमध्ये (मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) होते.) या टर्ममुळे संवेगातल्या पसाऱ्याचा वर्ग दर एकक वेळेला गॅमाने वाढतो. १०० एककांत तो १ होतो. पॅकेट काठाशी पोहोचतं तेव्हा संवेग साधारण २ ± १, आणि त्यात शून्याजवळचे मंद घटकही आले. संवेग ०.१ ची तरंगलांबी जवळपास ६३. ३० च्या पट्ट्याला ती भिंतच समजते. लाट परत, अडथळ्यावर पुन्हा धडक, आणि परावर्तन-पारगमनाचे (किती मागे फिरलं, किती पार गेलं याचे) आकडे बिघडलेले.

ऊर्जा वाढताना दिसली की टाइम स्टेप (सिम्युलेशनमधली वेळेची पायरी) अर्धी करायचा मोह होतो. व्यर्थ आहे. दर एककाला गॅमाच्या निम्म्याने ऊर्जा वाढणं हा मॉडेलचाच गुण.

पट्टा ६० करा, ईटा ०.०००१२५, गुणाकार तोच राहतो, सुरुवात मवाळ होते. मग ईटा दुप्पट आणि निम्मा करून बघा: पारगमन हललं तर ते भौतिकशास्त्र नव्हे, काठ बोलतोय. परिसराशी कपलिंग (जोड) फक्त अडथळ्याभोवती ठेवलंत तर आणखी बरं.

डेन्सिटी मॅट्रिक्सचा (सिस्टिमची अवस्था सांगणाऱ्या मॅट्रिक्सचा) ट्रेस, म्हणजे एकूण संभाव्यता, दर पायरीला १ वर आणणारी ओळ कोडमध्ये असेल तर आधी ती काढा. लिंडब्लाडची टर्म ट्रेस राखते. घट होते ती फक्त शोषकामुळे. डावा-उजवा हिशेब वेगळा लिहा: डावीकडे जिरलेलं, उजवीकडे जिरलेलं आणि ग्रिडवर उरलेलं मिळून १ यायला हवं.