आठ मिनिटांचं गोड आणि पंपाचा प्लग

एअर फ्रायरमध्ये 8 मिनिटांत होणारं फळांचं गरम गोड आमच्या स्वयंपाकघरात व्हायला 17 दिवस लागले. फळांचा यात काही दोष नाही, मशीनचाही नाही. सगळं अडलं ते भिंतीतल्या तीन भोकांपाशी, म्हणून आधी त्याच्याबद्दलच लिहिते. ज्यांच्या घरी जाड पिनेचा प्लग आहे त्यांनी सरळ खाली फळांपाशी जावं.

2025 चे गणपती 27 ऑगस्टला आले. मुलगा पुण्याहून येताना हे एअर फ्रायरचं धूड घेऊन आला. आमचं घर गुहागरला, मागे नारळी-पोफळीचं आगर. 2 सप्टेंबरला गौरी-गणपती गेले, 3 तारखेला मुलगा-सून गेली आणि घरात उरली फळं. दर्शनाला येणारा प्रत्येकजण पाच फळं ठेवून गेलेला. सफरचंदं, नासपती, मोसंबी, डाळिंबं आणि केळी, केळी, केळी. शिवाय आमच्याच आगरातला वेलची केळ्यांचा घड पिकून वाट बघत होता. शिकरण तीन दिवस झाली. चौथ्या दिवशी ह्यांनी वाटी नुसतीच पुढे सरकवली, बोलले काही नाहीत. त्यांचं न बोलणं मला 30 वर्षांत पाठ झालंय.

मुलाने फोनवर कृती सांगितली. फळं कापायची, तूप लावायचं, 180 वर 8 मिनिटं, वर गूळ-खोबरं. मी फळं कापली, तूप लावलं आणि वायर उलगडली. पुढे ही एवढी जाड पिन. ओट्याच्या वरच्या बोर्डात ती जाईना. मिक्सर तिथे चालतो, मग हे का नाही, म्हणून मी पुन्हा जोर लावला. नाही म्हणजे नाही.

मशीनच्या बुडाला 1500 वॅट लिहिलेलं असतं, ते मी नंतर वाचलं. त्याला घरच्या विजेच्या 230 व्होल्टने भागलं की साडेसहा अँपियर येतात. मिक्सर-दिव्यांचे आपले नेहमीचे प्लग 6 अँपियरचे. म्हणजे अडचण फक्त पिनेच्या जाडीची नाही, ती पिन मुद्दामच तिथे जाऊ नये अशी केलेली असते. हे मला कुणी त्याच दिवशी सांगितलं असतं तर पुढचं झालं नसतं.

पुढचं म्हणजे कन्व्हर्टर. बाजारातल्या एका दुकानात विचारलं, त्याने लगेच एक पांढरा ठोकळा काढून दिला. एकीकडे जाड पिन घुसते, दुसरीकडून बारीक पिना निघतात. "सगळे हेच वापरतात," म्हणाला. घरी आले, लावला, चालू झालं. काय आनंद झाला! पंख्याचा घूंऽऽ आवाज, केळ्याचा वास. सहाव्या मिनिटाला केळ्याच्या वासात दुसराच वास मिसळला. मला वाटलं गूळ लागला असेल. आई माजघरातून ओरडल्या, "अगं, फ्रीज जळतोय का?" बघते तर ठोकळा पिवळा पडून बोर्डाला चिकटलेला. मेन स्विच बंद केला म्हणून बरं. नंतर बोर्ड उघडला तेव्हा आतली पितळी पाती हिरवी पडलेली होती. आमच्याकडे खाऱ्या हवेत 20 वर्षं काढलेल्या बोर्डाची पकड सैल होते, सैल जागी उष्णता धरते, आणि वरून आपण तिथे साडेसहा अँपियर ओढायचे. तर कन्व्हर्टर आणू नका. एक्स्टेंशन बोर्डही नको, तोही बहुतेक 6 अँपियरचाच असतो. दुकानदार काहीही म्हणू दे.

मग वायरमन. आमच्याकडे वायरमन म्हणजे कुठला तरी एक माणूस नसतो, तुमच्या घराचं वायरिंग ज्याला पाठ आहे असा एकच असतो. दुसऱ्याला बोलावलं तर तो आधी पहिल्याने काय काय चुकवलंय ते तासभर सांगतो. आमच्याला फोन केला.

"येतो ना काकू. मंडळाचं लायटिंग उतरवतोय, झालं की येतोच."

दोन दिवसांनी, "येतो. मुंबईवाल्यांचं एक घर आहे, ते परत जायच्या आत करून द्यायचंय."

मग पाऊस. मग त्याच्या मोटारसायकलचं काहीतरी. प्रत्येक वेळी "येतो". आपण मराठी माणसं कुणाच्या घरून निघतानाही "येतो" म्हणतो. हा फोनवर म्हणायचा तो बहुधा त्या अर्थाने. पाचव्या फोनला मी म्हटलं, "अरे, मला फक्त एक भोक हवंय." तर म्हणाला, "काकू, भोक पाच मिनिटांचं आहे, वायर ओढायला अर्धा दिवस लागतो." यात तथ्य होतं हे मला तेव्हा मान्य नव्हतं. बोर्डावरचा प्लग नुसता बदलून चालत नाही, भिंतीतली वायर दिव्याचीच असते. जाड प्लग, जाड वायर आणि वेगळा एमसीबी, म्हणजे भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, हे तिन्ही लागतं.

त्यात पितृपंधरवडा लागला. या दिवसांत नवं काही घ्यायचं नाही असा आईंचा नियम. प्लग बसवणं हे नवं घेणं की जुनं दुरुस्त करणं, यावर आमच्याकडे दोन संध्याकाळी चर्चा झाली. निकाल लागला नाही, कारण वायरमनही आला नाही.

तोडगा आईंनीच काढला. 84 वर्षांच्या आहेत. दुपारी मागच्या पडवीत वाती वळत बसल्या होत्या, समोर विहिरीच्या पंपाचा बोर्ड. म्हणाल्या, "याला नाही का तसलंच मोठं तोंड?"

होतं! पंपाचा प्लग 16 अँपियरचा. इतके दिवस मी रोज सकाळी तोच स्विच दाबून टाकी भरत होते. मला स्वतःचाच इतका राग आला की आनंद व्हायला वेळ लागला.

तर सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापासून आमचं फळांचं गोड मागच्या पडवीत, पंपाशेजारी, पाटावर ठेवलेल्या मशीनमध्ये होऊ लागलं. आठ-आठ मिनिटांच्या त्या काळात पाणी चढवता येत नसे. ह्यांना नेमकी त्याच वेळी आंघोळ आठवायची. "पुडिंग महत्त्वाचं की पाणी?" मी म्हटलं, पुडिंग नाही, त्याला अजून नाव नाही. नावाचं राहू द्या, अजूनही नाहीये. आई त्याला "भाजलेली फळं" म्हणतात.

पडवीत एक गोष्ट लक्षात आली जी कृतीत कुणी लिहीत नाही. दुपारी जे 8 मिनिटांत व्हायचं ते संध्याकाळी सातला 12 मिनिटं घ्यायचं. फ्रीजच्या स्टॅबिलायझरवर व्होल्टेजचे आकडे दिसतात, संध्याकाळी ते 190 च्या आसपास उतरलेले असायचे. मुलाने हिशोब करून दिला. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे कमी होते, म्हणजे 190 वर 1500 वॅटचं मशीन जेमतेम हजार वॅटचं उरतं. तेव्हा वेळ घड्याळात बघू नका, फळात बघा. केळ्याच्या कडेला बुडबुडे आले आणि सुरी अलगद गेली की झालं.

आता फळं.

वेलची केळं सोलायचं नाही. ही माझी सगळ्यात मोठी शिकवण, आणि ती दोन टोपल्यांचा लगदा धुतल्यावर मिळाली. गणपतीचं केळं ठिपके पडलेलं, पूर्ण पिकलेलं असतं, त्यातला पिठूळपणा जाऊन साखर झालेली असते. सोलून टाकलं की गरम हवेत ते जाळीतून खालीच जातं. सालीसकट उभं चिरायचं, चिरलेली बाजू वर. साल होडीसारखी धरून ठेवते, काळी पडते, पडू दे. वाढताना चमच्याने खायचं.

सफरचंद आणि नासपती पातळ फोडी करून आधी 5 मिनिटं, मग केळी आत. एकदम सगळं टाकलंत तर सफरचंद कचकच वाजतं आणि केळ्याचं पातळ होतं. मोसंबी अजिबात नको, गरम झाली की कडवट लागते. डाळिंबाचे दाणे वरून, गारच.

अननस करायचा असेल तर फोडी तासभर चाळणीत ठेवून रस निथळू द्या, नाहीतर भाजण्याऐवजी वाफवला जातो. एक फायदा मात्र आहे. कच्च्या अननसावर दूध घातलं की ते फाटतं, कडू होतं, पण नीट शिजलेल्या अननसात ते घडवणारा पाचक रस मेलेला असतो. त्यामुळे वर नारळाचं दाट दूध बिनधास्त ओता.

गूळ शेवटी. पहिल्यापासून घातलात तर जळतो, साखरेपेक्षा लवकर. शेवटची 3 मिनिटं उरली की टोपली बाहेर ओढायची, तेव्हा.

आणि खोबरं. किसलेलं सुकं खोबरं मी पहिल्यांदा नुसतं भुरभुरलं होतं. या मशीनला नाव तळण्याचं असलं तरी ती छोटी भट्टी आहे. वर कॉइल, त्याच्यावर पंखा. खोबरं उडालं, कॉइलला लागलं, ठिणग्या दिसल्या आणि पडवीभर धूर. आई म्हणाल्या, "होम चाललाय का ग?" तेव्हापासून ओलं खोबरं घेते, गणपतीनंतर नारळांना तोटा नसतोच. एक वाटी ओलं खोबरं, अर्धी वाटी गूळ, मूठभर काजूचे तुकडे, 2 चमचे तांदळाचं पीठ, 1 चमचा तूप, वेलची, जायफळ. मुठीत दाबून गोळा होईल असं कालवायचं आणि त्या शेवटच्या 3 मिनिटांपुरतं केळ्याच्या चिरेत दाबून बसवायचं. ओलं, तुपातलं मिश्रण उडत नाही. सुरुवातीला हे सांगायला हवं होतं, साहित्य आधी लिहितात, पण माझ्या डोक्यात प्लगच बसलाय.

बटर पेपरही असाच उडतो. मशीन रिकामं तापवताना तो आत ठेवू नका, वर जाऊन कॉइलला लागतो. मी केळीचं पान घेते. मधला दांडा काढायचा, विस्तवावरून एकदा फिरवायचं म्हणजे मऊ पडतं, आणि टोपलीच्या तळापेक्षा थोडं लहान कापायचं. भोकं सगळी झाकली तर हवा फिरत नाही. हळदीचं पान मिळालं तर काय विचारता, पातोळ्यांचा वास येतो. आमच्याकडे सप्टेंबरात परसात हळद उभी असते, शहरातल्यांनी केळीवर भागवावं.

आंबटपणा हवा असेल तर वरून चमचाभर अमृत कोकम. आगळ नव्हे. आगळात मीठ असतं, ही चूक मी केली आणि ह्यांनी ती वाटी न बोलता संपवली, त्यावरून समजा.

20 सप्टेंबरला, शनिवारी, न सांगता वायरमन आला. अडीच स्क्वेअर एमएमची वायर मेन बोर्डापासून सरळ ओट्यापर्यंत आणली, वेगळा एमसीबी लावला, जळका बोर्ड बदलला. सामान आणि मजुरी धरून 1,850 रुपये. खरंच अर्धा दिवस लागला. काम इतकं स्वच्छ केलं की माझे साठवून ठेवलेले शब्द तोंडातच राहिले. नवरात्र सोमवारी बसायचं होतं. घट बसायच्या आत स्वयंपाकघरात पहिल्यांदा फळं भाजली, त्यालाच पहिली वाटी दिली. खाऊन म्हणाला, "काकू, पंपाचं कनेक्शन सैल झालंय, ते पण बघायला हवं. येतो पुढच्या आठवड्यात."

अजून आलेला नाही. पंप चालतोय.

एक राहिलं. मध्येच लाईट गेली, आणि पावसाळ्यात ती जातेच, तर टोपली बाहेर ओढू नका. दहा मिनिटं तशीच बंद राहू द्या. आतल्या उष्णतेवर केळं होऊन जातं. सफरचंद होत नाही, ते काढून गॅसवर तव्यात, तुपावर परतून घ्या.